अतुल चिटणीस : लिनक्स घराघरात पोचवणारे आणि ते सांभाळायला शिका म्हणणारे



चरित्र-परिचयात आपण मुलांना समाजसुधारक सांगतो, शास्त्रज्ञ सांगतो, खेळाडू सांगतो. संगणकाचा विषय निघाला की मात्र बिल गेट्स आणि स्टीव्ह जॉब्स या दोन नावांवर गाडी थांबते. मुलांना वाटतं की संगणकातलं मोठं काम अमेरिकेत होतं आणि आपण ते फक्त विकत घेतो. म्हणून आज एक वेगळं नाव घेऊया, अतुल चिटणीस. आडनाव मराठी, जन्म जर्मनीतला, शिक्षण बेळगावचं आणि कर्मभूमी बंगळूर. भारतात लिनक्स ही संगणक-प्रणाली हजारो घरांपर्यंत नेणाऱ्या माणसांत त्यांचं नाव फार वरचं आहे. त्यांना जाऊन आता दहा वर्षांहून जास्त काळ लोटला.

त्यांच्या आयुष्यात दोन टप्पे दिसतात. पहिल्या टप्प्यात त्यांनी लोकांना सांगितलं की हे फुकट आहे, चांगलं आहे, घ्या आणि वापरा. दुसऱ्या टप्प्यात सांगितलं की आता नुसतं वापरू नका, बनवायला आणि सांभाळायला शिका. पहिलं सांगणं लोकांना आवडलं. दुसरं तेवढं आवडलं नाही. पण माझ्या मते शिक्षकांनी आणि पालकांनी दुसऱ्या सांगण्याकडेच जास्त लक्ष द्यायला हवं.

जन्म आणि शिक्षण

अतुल चिटणीस यांचा जन्म २० फेब्रुवारी १९६२ रोजी बर्लिन शहरात झाला. त्याच्या सहाच महिने आधी, ऑगस्ट १९६१ मध्ये, बर्लिनची भिंत उभी राहिली होती आणि शहराचे दोन तुकडे झाले होते. इंजिनिअरिंगचं शिक्षण त्यांनी बेळगावच्या गोगटे इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये घेतलं. हे कॉलेज कर्नाटक लॉ सोसायटीचं. त्या वेळी ते नवीनच निघालेलं होतं.

इथे एक गोष्ट मुलांना मुद्दाम सांगावी. त्यांची पदवी मेकॅनिकलची होती, कॉम्प्युटरची नव्हती. त्या काळी संगणकात आलेली कितीतरी माणसं अशीच दुसऱ्या शाखेतून आली. हातात यंत्र मिळालं, कुतूहल होतं, मग रात्र रात्र बसून शिकले. दहावीनंतर शाखा कोणती घ्यायची या काळजीत असलेल्या पालकांनी हे लक्षात ठेवायला हरकत नाही.

चिटणीस हे आडनाव मुळात एक पद आहे, हेही वर्गात सांगता येईल. मराठी राज्यकारभारात पत्रव्यवहार पाहणारा, कागदपत्रं लिहिणारा आणि जपणारा तो चिटणीस. शिवाजी महाराजांचे चिटणीस बाळाजी आवजी मुलांना इतिहासातून माहीत असतात. अतुल चिटणीस यांच्या कामातही नोंद ठेवणं आणि जपणं याला फार महत्त्व होतं. ते कसं, ते पुढे येईलच.

फोनच्या तारेवरचा फळा

१९८९ साली भारतात सामान्य माणसासाठी इंटरनेट नव्हतं. साधा फोन मिळायलाही वर्षानुवर्षं थांबावं लागायचं. त्या साली चिटणीस यांनी बंगळूरमध्ये सिक्स नावाचं बुलेटिन बोर्ड सुरू केलं.

बुलेटिन बोर्ड म्हणजे काय? शाळेच्या व्हरांड्यात सूचनाफलक असतो. कोणीही येतं, वाचतं, परवानगी असेल तर आपला कागद लावून जातं. हाच फलक एका संगणकात आहे असं समजा. तो संगणक मोडेम नावाच्या छोट्या यंत्रातून टेलिफोनच्या तारेला जोडलेला. दुसऱ्या कुणी आपल्या संगणकावरून तो नंबर फिरवायचा, कर्रर्र असा आवाज यायचा आणि फलक समोरच्या पडद्यावर दिसायचा. फोनची लाइन एकच असेल तर एका वेळी एकच माणूस आत जाऊ शकायचा. बाकीच्यांनी एंगेज टोन ऐकत बसायचं.

आजच्या मुलांना हे गमतीचं वाटेल. पण एकमेकांना न पाहिलेली माणसं एका ठिकाणी येऊन ज्ञान वाटून घेतात, ही सवय इथे लागली. असा फलक चालवणाऱ्याला रोज काम असायचं. जुने संदेश काढा, बिघाड पाहा, भांडणं सोडवा, नवीन माणसाला समजावून सांगा. म्हणजे सांभाळण्याचं काम. चिटणीस यांची सुरुवात तिथूनच झाली.

युनिक्स आणि लिनक्स, थोडक्यात

पुढचं समजण्यासाठी एवढी माहिती पुरे. संगणक चालू केला की जो मूळ कारभारी जागा होतो, त्याला ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात. विंडोज ही तशीच एक. त्याच्या कितीतरी आधी, १९६९ मध्ये, अमेरिकेतल्या बेल लॅब्समध्ये केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स बनवायला सुरुवात केली. पुढे १९९१ मध्ये फिनलंडमधल्या लिनस टोरवाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने युनिक्ससारखाच गाभा स्वतः लिहिला आणि सगळ्यांसाठी खुला केला. तो लिनक्स. त्याचा मूळ कोड कुणीही वाचावा, बदलावा, वाटावा. या पद्धतीला मुक्त सॉफ्टवेअर किंवा ओपन सोर्स म्हणतात.

आपल्या अँड्रॉइड मोबाइलच्या पोटातही लिनक्सचाच गाभा आहे. म्हणजे नाहूर स्टेशनवर गाडीची वाट पाहत मोबाइल चाळणारी बहुतेक माणसं लिनक्स वापरत असतात. त्यांना ते माहीत नसतं एवढंच.

मासिकाबरोबर आलेली सीडी

१५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमने भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं. पण ते महाग होतं आणि अतिशय हळू होतं. हिशोब करून पाहा. एका सीडीत साधारण ६५० एमबी माहिती मावते. २८.८ केबीपीएसचा मोडेम पूर्ण वेगाने, एकदाही लाइन न तुटता चालला, तरी एक सीडीभर माहिती उतरवायला सुमारे ५० तास लागतात. दोन दिवस आणि दोन रात्री घरचा फोन अडकलेला, वर बिल वेगळं. आणि तीच माहिती १.४४ एमबीच्या फ्लॉपींवर घ्यायची तर ४५० फ्लॉपी लागतात. त्यातली एक खराब निघाली की काम तिथेच अडलं.

म्हणजे लिनक्स फुकट होतं, पण आपल्याकडच्या विद्यार्थ्याला ते मिळत नव्हतं. फुकट असणं आणि हाती लागणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे शाळेत काम करणाऱ्यांना वेगळं सांगायला नको. योजना कागदावर असते, पण मुलाच्या हातात वही पडायला मधला माणूस लागतो.

हा मधला माणूस चिटणीस झाले. पीसी क्वेस्ट या इंग्रजी संगणक मासिकाचे ते सल्लागार संपादक होते. १९९६ मध्ये या मासिकाने अंकाबरोबर लिनक्सची सीडी द्यायला सुरुवात केली आणि या उपक्रमामागे चिटणीस होते. पहिल्यांदा दिलं ते स्लॅकवेअर हे लिनक्स. पुढे दरवर्षी पीसीक्यू लिनक्स या नावाने सीडी येऊ लागली. ती आधी रेड हॅट आणि नंतर फेडोरा या लिनक्सवर बेतलेली असायची. सीडीबरोबर अंकात लेख असायचे. कसं बसवायचं, कुठे अडतं, अडलं तर काय करायचं, हे टप्प्याटप्प्याने सांगितलेलं. अंकाच्या किमतीत अख्खी संगणक-प्रणाली आणि तिचं मार्गदर्शन मिळू लागलं.

लहान गावातल्या कॉलेजात एक अंक यायचा आणि तीच सीडी हातोहात फिरायची. आणि ती फिरवण्यात बेकायदा काहीच नव्हतं. मुलांना हा फरक जरूर सांगावा. विकतचं सॉफ्टवेअर चोरून कॉपी करणं हा गुन्हा आहे. मुक्त सॉफ्टवेअरची कॉपी करून मित्राला देणं हा हक्क आहे, तो परवान्यातच लिहिलेला असतो.

त्या सीडीत होतं काय? पॅकेज म्हणजे काय?

इथे जरा थांबूया, कारण चिटणीस यांच्या पुढच्या म्हणण्याचा अर्थ यातच आहे.

लिनक्स म्हणजे एकच मोठा प्रोग्राम नाही. जगभरातल्या वेगवेगळ्या माणसांनी लिहिलेले शेकडो प्रोग्राम एकत्र येतात तेव्हा वापरता येईल अशी प्रणाली तयार होते. प्रत्येक प्रोग्राम मूळ कोडच्या रूपात असतो. तो तसाच चालत नाही, आधी तयार करावा लागतो.

घरातलं उदाहरण घ्या, चकलीची भाजणी. तांदूळ, डाळी, धणे, जिरे हे झालं मूळ साहित्य. ते धुवायचं, वाळवायचं, भाजायचं, दळून आणायचं, तेव्हा कुठे भाजणी हाती येते. ज्याला वेळ आहे आणि येतं, तो घरी करतो. बाकीचे बचत गटाच्या ताईंनी केलेलं भाजणीचं तयार पाकीट आणतात. पाकिटावर चिठ्ठी असते. आत काय आहे, कधी भरलं, कुणी केलं, सोबत काय लागेल.

सॉफ्टवेअरचं पॅकेज म्हणजे हेच पाकीट. कुणीतरी मूळ कोड आणतो, तो आपल्या प्रणालीवर नीट तयार होतो का पाहतो, कोणती फाइल कुठल्या खणात जायची ते ठरवतो आणि वर चिठ्ठी लावतो. चिठ्ठीवर नाव, आवृत्तीचा क्रमांक आणि चालण्यासाठी आणखी कोणती पॅकेजं लागतात त्यांची यादी असते. संगणकात पॅकेज मॅनेजर नावाचा एक हिशोबनीस बसलेला असतो. काय बसवलं, कोणती आवृत्ती, कोणत्या फाइली कुणाच्या, याची वही तो ठेवतो. त्यामुळे एखादी गोष्ट काढायची तर तेवढीच काढता येते, घर उकरावं लागत नाही. चिटणीस या पदाचंच काम म्हणा ना.

सोऱ्या आणि चकती

आता अवघड भाग. चकलीला सोऱ्या लागतो. शेवेलाही तोच सोऱ्या, फक्त आतली चकती बदलायची. संगणकातही असंच असतं. एकच सामायिक तुकडा दहा प्रोग्राम मिळून वापरतात. समजा, नवीन सोऱ्या आणला आणि त्याचं तोंड जरा मोठं निघालं, तर जुन्या चकत्या बसत नाहीत. चकलीची सोय झाली, पण शेव अडली. संगणकात एक तुकडा नवीन केला की त्यावर अवलंबून असलेला भलताच प्रोग्राम बंद पडतो, तो असा.

वेगवेगळ्या लिनक्सनी यावर वेगवेगळे उपाय काढले. सुरुवातीच्या स्लॅकवेअरमध्ये पाकीट साधं होतं, सोबत काय लागतं हे वापरणाऱ्यानेच ओळखायचं. रेड हॅटच्या आरपीएम पद्धतीत संगणक सांगू लागला की अमुक तुकडा नाही, आधी तो आणा. पण आणायचा तुम्हीच. डेबियन या लिनक्सने एप्ट नावाची सोय केली. एक नाव सांगितलं की लागणारं सगळं ती स्वतः आणून बसवते. आज आपण प्ले स्टोअरवर बोट लावतो आणि अॅप येतं, त्यामागची कल्पना अशीच आहे.

पण यंत्र काहीही करो, पाकीट भरणारा माणूस लागतोच. त्याला मेंटेनर म्हणतात. आपण त्याला सांभाळकर्ता म्हणूया. मूळ लेखकाने नवीन आवृत्ती काढली की पाकीट नव्याने भरायचं. कुणी बिघाड कळवला की शोधायचा. सुरक्षेत भोक सापडलं तर रात्री उठून बुजवायचं. दुसऱ्याच्या सोऱ्यात आपली चकती बसते का ते पाहत राहायचं. एकदा करून संपणारं हे काम नाही, वर्षानुवर्षं चालतं. आणि सगळं सुरळीत असेल तेव्हा ते कुणाच्या डोळ्यांवर येत नाही.

शाळेत तरी वेगळं काय असतं? वाचनालयाची पुस्तकं देणगीत येतात तेव्हा फोटो निघतो. पुढची दहा वर्षं ती पुस्तकं शिवणारी, नोंदवणारी, हरवलेली शोधून आणणारी एखादी बाई असते. फोटोत ती कुठेच नसते, पण वाचनालय तिच्यामुळे चालतं.

बंगळूरचं संमेलन

२००१ मध्ये चिटणीस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लिनक्स बंगलोर हे संमेलन सुरू केलं. ते कोणा कंपनीच्या नोकरांनी नव्हे, स्वयंसेवकांनी उभं केलं होतं. नाव बंगलोरचं असलं तरी देशभरातून विद्यार्थी आणि अभियंते येत. २००५ पासून त्याचं नाव फॉस डॉट इन झालं, कारण विषय लिनक्सपुरता राहिला नव्हता, सगळंच मुक्त सॉफ्टवेअर त्यात आलं होतं. लिनक्सच्या गाभ्यावर काम करणारे ब्रिटनचे अॅलन कॉक्स, जर्मनीचे हाराल्ड वेल्टे अशी जगभर नावाजलेली माणसं तिथे येऊन गेली. ज्यांचं नाव फक्त कोडच्या फाइलीत वाचलं होतं, ती माणसं समोर बसलेली पाहून आपल्याकडच्या मुलांना धीर आला.

वापरणारे आणि सांभाळणारे

संमेलन मोठं होत गेलं, तसा चिटणीस यांना एक प्रश्न पडू लागला. सभागृह भरतंय, टाळ्या वाजतायत, लिनक्स कसं चांगलं यावर भाषणं होतायत. पण ही पाकिटं भरणाऱ्यांच्या यादीत भारतातली नावं किती? वापरणाऱ्यांच्या मानाने फारच कमी. आपल्याकडे इंजिनिअर लाखोंनी, पण मुक्त सॉफ्टवेअरमध्ये आपण बहुतेक घेणारेच.

मग त्यांनी संमेलनाची दिशा बदलली. लिनक्स म्हणजे काय, कसं बसवायचं, असली प्राथमिक भाषणं कमी केली. जे प्रत्यक्ष काही बनवतात, दुरुस्त करतात, सांभाळतात, त्यांना पुढे आणलं. नंतरच्या वर्षांत वर्कआउट नावाची सत्रं झाली. त्यात लोकांनी एकत्र बसून खरं काम करायचं, बिघाड शोधायचा, कोड लिहायचा, असा हेतू होता.

हे सगळ्यांना रुचलं नाही. नवशिक्यांनी मग जायचं कुठे, हा प्रश्न आला आणि तो अगदी रास्त होता. चिटणीस स्पष्ट बोलणारे होते, गोड बोलून वेळ निभावून नेण्याचा त्यांचा स्वभाव नव्हता. त्यामुळे त्यांना मानणारे खूप होते, तसे नाराजही होते.

मला वाटतं, शिक्षकांनी इथे दोन्ही बाजू पाहाव्यात. पहिलीच्या मुलाला निबंध लिहायला सांगून चालत नाही, आधी अक्षरं हवीत. नवशिक्यांची बाजू घेणाऱ्यांचं म्हणणं हेच होतं. पण आठवीपर्यंत मुलगा नुसता फळ्यावरचं उतरवून घेत राहिला आणि स्वतःचं एक वाक्य त्याने लिहिलं नाही, तर तेही चालत नाही. चिटणीस यांना दिसत होतं ते हे. १९९६ ला सीडी देऊन त्यांनी अक्षरं शिकवली होती. दहा वर्षांनी त्यांना आपल्या विद्यार्थ्यांच्या वहीत स्वतःचं वाक्य पाहायचं होतं.

शेवटची वर्षं

मधल्या काळात मुंबईच्या जिओडेसिक या सॉफ्टवेअर कंपनीतही त्यांनी काम केलं. लिहिणं, बोलणं, तरुणांना वाट दाखवणं चालूच होतं. पुढे कर्करोगाने गाठलं. २०१२ च्या अखेरीस फॉस डॉट इनचं शेवटचं संमेलन झालं. ३ जून २०१३ रोजी बंगळूरमध्ये अतुल चिटणीस यांचं निधन झालं. वय फक्त ५१ वर्षं. संमेलन त्यानंतर पुन्हा भरलं नाही.

हे वाचताना वाईट वाटतं. सांभाळायला शिका असं सांगणाऱ्या माणसाचं संमेलन त्याच्यानंतर पुढे गेलं नाही. पण एक संस्था एका माणसावर किती उभी असते, हेही त्यातून कळतं. एखाद्या मुख्याध्यापकांची बदली झाली की चांगले चाललेले उपक्रम बंद पडतात, हे आपण पाहतोच. काम सुरू करतानाच ते दुसऱ्याच्या हाती कसं जाईल याची सोय करावी लागते. डेबियनचं उदाहरण यात बोलकं आहे. १९९३ मध्ये इयन मर्डॉक या विद्यार्थ्याने ते सुरू केलं आणि १९९६ मध्येच नेतृत्व दुसऱ्याकडे दिलं. डेबियनमध्ये नेता दरवर्षी मतदानाने निवडतात. मर्डॉक २०१५ मध्ये गेले, डेबियन चालूच आहे. २०२३ मध्ये आलेल्या त्याच्या बाराव्या आवृत्तीत ६४ हजारांहून जास्त पॅकेजं आहेत. त्याच वर्षी डेबियनचं जागतिक संमेलन भारतात, केरळमधल्या कोचीला भरलं होतं.

त्यांच्यानंतर

चिटणीस यांचा प्रश्न किती खरा होता हे मार्च २०२४ मध्ये जगाला कळलं. एक्सझेड नावाचं एक छोटं पॅकेज आहे. फाइली दाबून लहान करण्याचं काम ते करतं. जवळपास प्रत्येक लिनक्समध्ये ते असतं. कितीतरी वर्षं ते मुख्यतः एकच माणूस फुकटात सांभाळत होता आणि तो थकला होता. मदतीच्या नावाखाली एक अनोळखी व्यक्ती आली, दोन वर्षांहून जास्त काळ नीट काम करून तिने विश्वास मिळवला, सहसांभाळकर्त्याचे अधिकार मिळवले आणि मग त्यात गुपचूप चोरदरवाजा बसवला. अँड्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला संगणकात लॉगिन व्हायला साधारण अर्धा सेकंद जास्त लागतोय हे खटकलं. त्याने माग काढला आणि २९ मार्चला हा प्रकार उघड झाला. तो चोरदरवाजा आणखी पसरला असता तर जगभरातले असंख्य सर्व्हर धोक्यात आले असते.

जग ज्यावर चालतं त्याची काळजी एकटा थकलेला माणूस घेत होता आणि बाकी सगळे फक्त वापरत होते, धोका तिथून आला. संमेलनाची दिशा बदलताना चिटणीस यांना दिसत होती ती हीच उणीव.

आपल्याकडे काहीच झालं नाही असं मात्र नाही. पुण्यात रेड हॅटच्या ऑफिसमधल्या अभियंत्यांनी फेडोराची कितीतरी पॅकेजं सांभाळली आहेत. भारतीय भाषांचे लोहित फाँट त्याच कंपनीने मुक्त परवान्याने दिले, त्यामुळे लिनक्सवर मराठी नीट वाचता येऊ लागली. सी-डॅकने डेबियनवर आधारित बॉस नावाचं भारतीय लिनक्स बनवलं. आणि नाहूरहून फार लांब नाही अशा पवईच्या आयआयटीमध्ये स्पोकन ट्युटोरियल हा प्रकल्प आहे. त्यात लिनक्सचे छोटे व्हिडिओ-पाठ मराठीतही ऐकायला मिळतात, तेही विनामूल्य. ज्या शाळेत जुने संगणक नुसते झाकून ठेवलेत, तिथे हे पाठ आणि एक लिनक्स एवढ्यावरही काम सुरू करता येतं.

वर्गात आणि घरी कसं सांगाल?

पाचवीच्या पुढच्या मुलांसाठी हा उपक्रम घेता येईल. वर्गाचे चार गट करा. प्रत्येक गटाने एखाद्या वस्तूचं पाकीट बनवायचं, उदा. कागदी पिशवी करण्याचा संच. पाकिटावर चिठ्ठी लिहायची. आत काय आहे, सोबत काय लागेल, कुणी केलं, कितवी आवृत्ती. मग पाकिटांची अदलाबदल करा आणि दुसऱ्या गटाने फक्त चिठ्ठी वाचून वस्तू बनवायची. डिंक लिहायचा राहिला, कातरीचा उल्लेख नाही, असे घोटाळे निघतातच. त्यांची नोंद करून पाकीट मूळ गटाकडे परत द्यायचं आणि गटाने दुरुस्त करून दुसरी आवृत्ती काढायची. दर महिन्याला गट बदलायचा, म्हणजे दुसऱ्याने केलेलं पाकीट आपण सांभाळायचं. यातला शेवटचा भाग सगळ्यात महत्त्वाचा आहे, तो गाळू नका. आपण न बनवलेली वस्तू जपताना मुलं जास्त शिकतात.

पालकांना एकच विनंती. मोबाइलवर अपडेटची सूचना आली की आपण नंतर म्हणून ती सरकवून टाकतो. मुलासमोर एकदा ती उघडा आणि सांगा की कुणीतरी, कुठेतरी बसून यातलं भोक बुजवलंय, म्हणून हे आलंय. आणि जमल्यास विचारा, मोठेपणी त्या बुजवणाऱ्यांत तुला जायला आवडेल का?

महत्त्वाची वर्षं

१९६२ : २० फेब्रुवारीला बर्लिन येथे जन्म
१९८९ : बंगळूरमध्ये सिक्स हे बुलेटिन बोर्ड
१९९६ : पीसी क्वेस्ट मासिकाबरोबर लिनक्सची सीडी
२००१ : लिनक्स बंगलोर संमेलनाची सुरुवात
२००५ : संमेलनाचं नवं नाव, फॉस डॉट इन
२०१२ : शेवटचं फॉस डॉट इन
२०१३ : ३ जूनला बंगळूर येथे निधन

मुलांना विचारायचे प्रश्न

१. लिनक्स फुकट असूनही १९९६ पूर्वी ते आपल्याकडे सहज का मिळत नव्हतं?
२. पॅकेजच्या चिठ्ठीवर कोणकोणती माहिती असते?
३. सोऱ्या बदलला की चकती का अडते? संगणकात याला जुळणारं उदाहरण सांगा.
४. संमेलनात नवशिक्यांसाठी जागा असावी की फक्त काम करणाऱ्यांसाठी? तुमचं मत कारणासह लिहा.
५. तुमच्या शाळेत किंवा सोसायटीत रोज सांभाळली जाणारी, पण कुणाच्या लक्षात न येणारी एक गोष्ट शोधा. ती कोण सांभाळतं, त्यांना भेटून पाच ओळी लिहा.

पाचव्या प्रश्नाची उत्तरं वर्गात मोठ्याने वाचून घ्या. शिपाईकाका, पाण्याची टाकी धुणारे दादा, पोषण आहाराची भांडी मोजून ठेवणाऱ्या ताई अशी माणसं त्यात येतील. संगणकातला सांभाळकर्ता मग मुलांना वेगळा समजावून सांगावा लागणार नाही.